लगतदाराची हरकत

नदी चढावर चालली होती.

मी कागद उलटा करून पाहिला. तरी चढावरच. "ही डोंगराची रांग ना? आणि नदी इथून निघून डोंगराकडे जाते. पाणी वर कसं चढेल?"

"सर, फॅन्टसी आहे," समोरचा तरुण म्हणाला.

"असू दे. पाणी उतारानंच जातं."

त्यानं वाद घातला नाही. खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं, 'नदी उलटी करणे'. तिथंच तो मला थोडा बरा वाटला. माझ्याकडे येणारी गिऱ्हाईकं बहुतेक वाद घालायलाच येतात.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. साध्या भाषेत, सरकारी मोजणीवाला. दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून वाजलं की अर्ज येतो, मग आम्ही जातो, जुना नकाशा आणि प्रत्यक्ष जमीन यांचा मेळ घालतो, खुणा रोवतो आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत येतो. रिटायर झाल्यावर जळगावला एक गाळा घेतला. प्लॉटचे लेआउट, शेताचे प्रायव्हेट नकाशे, अशी कामं करतो. स्वभाव तापट. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'फूटपट्टी' म्हणायचे, ते मला माहीत होतं.

तरुणाचं नाव नीलेश. वय बत्तीस-तेहतीस. धुळ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायची. मोबाईलवरच्या एका ॲपवर त्यानं ती भागाभागानं टाकली होती. वाचक वाढले, आणि प्रत्येक भागाखाली एकच मागणी येऊ लागली. नकाशा द्या. आता धुळ्याचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार होता आणि पहिल्याच पानावर नकाशा हवा होता.

"कसली कादंबरी?"

"प्रेमकथा. पण जग काल्पनिक आहे. दोन राज्यं, मधे नदी."

"हिरो-हिरॉईन कोणत्या बाजूचे?"

"दोघं हिरोच आहेत, सर."

मी चहा सांगितला. काय बोलावं ते सुचलं नाही की मी चहा सांगतो.

चहा येईपर्यंत मी कामाचं बोललो. नकाशाला स्केल लागते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर किती, ते ठरवावं लागतं. त्यासाठी अंतरं लागतात. या ठाण्यापासून त्या घाटापर्यंत किती, पायी किती वेळ, बैलगाडीनं किती. "सगळ्या अंतरांचा तक्ता करून आण," मी म्हटलं. त्यानं पिशवीतून स्पायरल बाइंडिंगचे दोन जाड खंड काढून टेबलावर ठेवले. पाचशे बारा पानं. "सगळं यातच आहे," म्हणाला.

ते मी पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. फक्त अंतरं टिपायची, बाकी आपल्याला काय करायचंय, असं ठरवलं होतं.

देशाचं नाव नीरथड. नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे एक. त्या देशात हद्द स्थिर नसते. दोन्ही बाजूंनी हद्दराखे नेमलेले असतात. दर संध्याकाळी दिवेलागणीला दोघांनी आपापल्या काठावर दिवा लावायचा. एका बाजूचा दिवा लावायचा राहिला तर हद्द त्या बाजूला सरकते, आणि सरकलेल्या पट्ट्यातल्या घरांची नावं लोकांना आठवेनाशी होतात. मेघण अलीकडचा राखा, तारू पलीकडचा. एकमेकांच्या काठावर पाऊल टाकायला बंदी. बारा वर्षं दोघं समोरासमोर दिवे लावतात. एका उन्हाळ्यात तारू तापानं पडतो. त्याचा दिवा लागत नाही. मेघण पाण्यात उतरतो.

मी मोजणीवाला. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो, हद्द सरकते म्हणजे एका दिवसात किती सरकते? पान उलटलं तर तेही लिहिलेलं होतं. दोन हात. उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून तिथले लोक दाराला ओलं पोतं कसं लावतात, दिव्याची बैठक कोणत्या थडीच्या मातीची करतात, राख्याच्या पंगतीला वाढायचा क्रम काय, सगळं होतं. चाळीस पानं झाली तेव्हा लक्षात आलं, पेन्सिल हातात आहे आणि एकही अंतर टिपलेलं नाही.

पहिला खंड संपवून मी टेबलावर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता. आमच्या हिच्याकडे होता. दोन दिवसांत वाचून तिनं दुसरा मागितला.

"माझा झाला नाही अजून. अंतरं काढतोय," मी म्हटलं.

"तिथं तारू तापानं फणफणलाय आणि तुम्हाला अंतरं पडलीत."

"दोन पुरुष आहेत ते. कळलं ना तुला?"

"कळलं. पहिल्या दहा पानांतच कळलं. द्या इकडे."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कामाचा कागद मागून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

पंधरा दिवसांनी नीलेश आला. मी चुकांची यादी काढून ठेवली होती. दुसऱ्या प्रकरणात डोहापासून राख्याच्या ठाण्याला जायला अर्धा दिवस लागतो, नवव्यात तोच माणूस दूध तापेपर्यंत पोचतो. सूर्य एकदा नदीच्या चुकीच्या बाजूला मावळतो. त्यानं एकेक दुरुस्त केलं. मी म्हटलं, "एवढं कशाला लावून घेतोस? गोष्ट तर चांगली आहे. वाचणारा कुठं टेप लावून बसलाय?"

"सर, नदी चुकली की वाचकाला जाग येते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही वाचलंत ना. पाचशे पानांत एक तरी माणूस विचारतो का, की दोघं पुरुष असून कसं काय?"

मी आठवून पाहिलं. खरंच कोणी विचारत नव्हतं. राजा चिडतो, गाव चिडतं, पण ते हद्द ओलांडली म्हणून. भांडण सगळं काठांचं होतं. मेघणची आई तर तारूसाठी भाकरी बांधून देते.

"इथं आम्हाला आधी तेवढंच उत्तर द्यावं लागतं," नीलेश म्हणाला. "घरी, मित्रांत, लॅबमध्ये. प्रेम राहूनच जातं. मला अशी जागा हवी होती जिथं ते विचारतच नाहीत. मग बाकीचं बोलता येतं. रुसवा, वाट बघणं, ताप आला तर कोण बसेल. वाचक पण त्याच जागेत राहायला येतात. पारोळ्याच्या एकानं मला लिहिलं, नीरथडला जायला एस.टी. कुठून मिळते. तो चेष्टा करत नव्हता. म्हणून नदी बरोबर पाहिजे. एक जरी गोष्ट खोटी वाटली तर तो परत त्याच्या खोलीत येऊन पडतो."

'आम्हाला' हा शब्द मी ऐकला. मला वाईट वाटलं, हे इथं सरळ सांगतो. माझ्या टेबलासमोर बसून इतक्या शांतपणे कोणी जागा मागितली नव्हती.

मग मी शेवटचा मुद्दा काढला. "पुस्तकात मेघणच्या ठाण्यापासून काठापर्यंत एक पायवाट आहे. पलीकडून तारूचीही तशीच. दोघं रोज तिच्यावरून येतात. तुझ्या कच्च्या नकाशात घरं आहेत, विहीर आहे, बोरीचं झाड आहे. वाट नाही. कशी विसरलास?"

त्यानं डायरी मिटली. म्हणाला, "तुमच्या नकाशात नव्हती, सर."

त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. मोजणीच्या नकाशाची क प्रत. मोजणी झाली की अर्जदाराला जी प्रत मिळते तिला क प्रत म्हणतात. गाव पाचोऱ्याच्या बाजूचं, गिरणाकाठचं. खाली भूकरमापकाची सही. माझी.

मी त्याचा कच्चा नकाशा क प्रतीशेजारी ठेवला आणि आडवा फिरवला. नीरथडची नदी म्हणजे गिरणेचं वळण होतं. दोन ठाणी म्हणजे दोन शेतांमधली घरं. फक्त त्या गावात दोघांच्या मधे नदी नव्हती, बांध होता; बांधाच्या जागी त्यानं नदी आणून ठेवली होती.

"अर्ज माझ्या वडिलांचा होता," नीलेश म्हणाला. "ते वारले. अलीकडच्या घरात माझे काका राहतात, पंडित नाना. त्यांनी लग्न केलं नाही. पलीकडचं सुकलाल बाबांचं. त्यांची बायको लवकर गेली होती, मुलगा सुरतला. दोघांचं काय होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वडिलांना कुंपण घालायचं होतं, म्हणून मोजणी आणली."

मला सगळं आठवलं. बाकीची गावं विसरली जातात, पण ज्या मोजणीत आपण हात राखलेला असतो ती आठवते.

हद्दकायम मोजणी होती, म्हणजे फक्त बांधाची रेषा ठरवायची. मोजणीआधी लगतदाराला, म्हणजे शेजारच्या शेताच्या मालकाला, नोटीस जाते. त्याची हरकत असेल तर लिहून घ्यावी लागते. त्या दिवशी पंच आले, अर्जदार आला. सुकलाल बोरीखाली उभा होता. अर्जदाराचा धाकटा भाऊ, खांद्यावर पंचा टाकलेला, अलीकडे उभा होता. बांधाला आडवी एक पायवाट गेलेली मी पाहिली. काळी माती पायांनी पांढरी पडलेली. बांधावर चढायला एक चपटा दगड लावलेला.

जमीन मालकीची नसली तरी वर्षानुवर्षं माणसं जिथून जातात त्याला वहिवाट म्हणतात. नकाशात ती तुटक रेषेनं दाखवतात. तशी ती दाखवली असती तर कुंपण घालताना निदान प्रश्न आला असता. मी पंचांना विचारलं, "ही वाट कोणाची?"

एक पंच म्हणाला, "ढोरस्नी व्हई, साहेब."

अर्जदार म्हणाला, "आठे वाट नही शे."

सुकलाल आणि तो धाकटा भाऊ गप्प उभे होते. जबाब नाही तर वाट नाही, असं आमचं धोरण. मी लिहिलं, 'वाट आढळून येत नाही.' गुरं चढायला दगड लावत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण दुपारी दुसऱ्या गावात मोजणी होती आणि मला कोणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं. महिन्याभरात तारेचं कुंपण झालं. पुढं मुलानं सुकलालला सुरतला नेलं आणि शेत विकून टाकलं. हे मला नीलेशकडून कळलं.

"म्हणून माझ्याकडे आलास?"

"सही तुमची होती."

मी त्याच दिवशी वाट काढली. एका काठाच्या ठाण्यापासून दुसऱ्या काठाच्या ठाण्यापर्यंत, नदी पायी ओलांडता येते तिथून, तुटक रेषेनं. नदीही उतारावर आणली. नकाशा तयार झाला. पण देताना मी अडवलं. "नानांना विचारलंस का?"

"त्यांच्याशी यावर कधी एक शब्द बोललो नाही. पुस्तकात नावं नाहीत त्यांची."

"गावातला माणूस नकाशा फिरवून बघेल. मी बघितलाच ना? आधी त्यांना दाखव. ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही छापणार," तो म्हणाला. चार वर्षांचं काम होतं. त्यानं ते म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गावाला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. सत्तरीचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या साहेब. परत मोजनी शे का?"

"नाही नाना. एक नकाशा दाखवायचाय."

नीलेशनं पुस्तकाचं सांगितलं. दोन राखे, दोन दिवे, नदी. सांगून झाल्यावर मी नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. शेतकऱ्याला कादंबरी वाचायला जड जाईल, नकाशा जड जात नाही. त्यांनी तो हातानं फिरवला आणि बरोबर जागेवर आणला.

"हाई आपली गिरना शे. नाव बदलेल शे, पन वळन तेच." मग बोट सरकलं. "आठे तुम्ही मोजनीनं टेबल मांडेल व्हतं."

"हो."

बोट तुटक रेषेवर आलं आणि थांबलं.

"वाट काढी तुम्ही."

"काढली."

"तव्हय काबरं नही काढी?"

"तेव्हा कोणी बोललं नाही, नाना."

"तुम्ही पंचस्ले इचारं," ते म्हणाले. "माले नही इचारं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "माझं चुकलं." नोकरीत हे वाक्य मी किती वेळा टाळलं होतं, ते तिथं ओट्यावर बसल्यावर कळलं.

नीलेशनं विचारलं, "नाना, छापू का?"

"माले एकलाले नको इचारू. वाट दोन जनस्नी शे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, लगतदारले नोटीस धाडी का?"

नोटीस काढायचा मला आता अधिकार नव्हता. पोस्टानं पाठवणंही बरं नव्हतं. सुकलालच्या घरात मुलगा, सून, नातवंडं. कोण फोडेल सांगता येत नाही. पूर्वी महत्त्वाची नोटीस आम्ही हातोहात बजावायचो. मी म्हटलं, "मी स्वतः देतो." नानांनी आत जाऊन देव्हाऱ्याच्या खालून एक घडी केलेला कागद आणला. सुरतचा पत्ता होता. घड्यांवर फाटत आलेला.

सुरतला मी एकटा गेलो. उधन्याच्या बाजूला एका सोसायटीच्या आवारात सुकलाल बाकावर बसलेला होता. सकाळची दहाची वेळ, मुलगा कामावर गेलेला. अंगानं खूप सुकला होता. मी कुठून आलो ते सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पंडित कसा शे?"

"गुडघे दुखतात. बाकी बरे आहेत."

"दिवा लावस का अजून?"

मला काही समजलं नाही. "कसला दिवा?"

"सांजले. ओटावर. मी आठून देखू." मग त्यानं हात हलवला. "तठून. शेतमाईन."

त्याला पुस्तकाचं मी कसंबसं सांगितलं. मला ते नीलेशसारखं जमत नाही. पण दोन काठांवरच्या दोन दिव्यांपर्यंत आलो तेव्हा तो खाली बघत होता आणि मान हलवत होता. मी नकाशा दिला. लगतदार म्हणून तुमची हरकत आहे का, असं सरळ विचारलं.

त्यानं चष्मा लावला. बोरीचं झाड शोधलं. विहीर शोधली. वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं. मग परत मधे आणलं आणि मान हलवली.

"हरकत शे मनी."

धुळ्याला नीलेश फोनची वाट बघत होता. मी खिशातून पेन काढलं, कारण हरकत लिहून घ्यायची असते. "सांगा."

"वाट बराबर शे. दगड नही दखाडेल."

"कोणता दगड?"

"आठे पायरीना दगड व्हता. त्याना गुडघा तव्हय बी दुखे. बांध चढाले जड जाये. मी नदीमाईन आनीसन ठेयेल व्हता."

तो दगड मी पाहिलेला होता. त्या दिवशी पाहून सोडून दिला होता आणि आता वाट काढतानाही विसरलो होतो. एकाच जागेवर एकच माणूस दोनदा चुकला. मी तिथंच, बाकावर, पेनानं काठावर एक छोटा चौकोन काढला आणि त्याला दाखवला.

"थोडा इकडे," तो म्हणाला. मी सरकवला. "हां. आते बराबर शे. छापा."

नकाशाच्या कडेला त्यानं सही केली. मी मागितली नव्हती.

पुस्तक निघालं. नीलेशनं एका प्रकरणात दगड घातला. मेघणच्या पायाला जुनं दुखणं आहे आणि तारूनं काठावर एक चपटा दगड आणून ठेवलाय, एवढीच चार ओळींची भर. आमच्या हिला ते प्रकरण सगळ्यात आवडतं. दोन प्रती सही करून त्या दोघांना गेल्या. सुरतची मी नेली. गुडघे आणि वय बघता दोघांची भेट अजून झालेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बघू, असं दोन्हीकडून म्हणतात.

वाचक नीलेशला विचारतात, नकाशात तो बारीक चौकोन कसला. सूचीत लिहिलंय, 'पायरीचा दगड'. त्याहून जास्त तो सांगत नाही.

खात्याच्या नकाशात ती वाट आजही नाही. पलीकडचं शेत तिसऱ्याच्या नावावर आहे, कुंपण उभं आहे, आणि बंद झालेलं प्रकरण माझ्या म्हणण्यानं उघडत नाही. माझ्याकडे नवीन पोरं प्रायव्हेट मोजणी शिकायला येतात. त्यांना मशीन लावायला अर्ध्या दिवसात येतं. मी त्यांना एवढंच जादा सांगतो, की पंचांचे जबाब झाले म्हणून फाईल बांधू नका. बाजूला कोणी गप्प उभा असेल तर त्याच्याजवळ जा, त्याचं नाव विचारा, आणि तो कुठून चालत आला ते विचारा.